पाणी आधी गटारातून येतं : खाडीकाठावरून एक खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, भारत सरकार

विषय : वाढती समुद्रपातळी, खाडीतला विमानतळ आणि समुद्रात होऊ घातलेला विमानतळ

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पनवेल खाडीकाठचा. ३२ वर्षं तालुक्यातल्या शाळांत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली, त्या सकाळी आमच्या आळीतली अर्धी माणसं गच्चीवर होती. पहिलं विमान दिसलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. माझे तीन जुने विद्यार्थी तिथे कामाला आहेत. एक सामान चढवतो, एक सुरक्षेत आहे, एक मुलगी तिकिटांच्या काउंटरवर असते. विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून निघालेल्या मोर्चात मी चाललो आहे. तेव्हा हे पत्र विमानतळाच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नये. तो विमानतळ आणि आमची गावं एकाच पाण्याच्या शेजारी राहतात. त्या पाण्याबद्दल काही गोष्टी आपल्याकडून लेखी आणि जाहीर कळाव्यात, एवढ्यासाठी लिहितो आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आषाढातली अमावास्या होऊन एक-दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाणाचे दिवस. संध्याकाळी पाऊस ओसरला होता. रात्री साडेबाराच्या सुमाराला पुतण्याचा फोन आला, अंगणात पाणी आलंय. मी बॅटरी घेऊन गेलो. पाणी कुठूनही धावत येत नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यातल्या गटाराच्या तोंडातून ते हळूहळू वर चढत होतं, आवाज न करता. पायरीपाशी एक निवटा टुणकन उडाला. खाडीच्या चिखलात राहणारा तो मासा, तो अंगणात कसा? मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. घरातली बाई तांदळाचा डबा माळ्यावर चढवत होती आणि म्हणत होती, पाऊस तर कधीच थांबला. तिचं बरोबर होतं. ते पावसाचं पाणी नव्हतंच.

सकाळी पुतण्या एका कार्यालयात अर्ज देऊन आला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : "अतिवृष्टीमुळे सखल भागात पाणी साचले." त्या कागदावर सही आहे, शिक्का आहे. पाण्याची चव कोणी घेतली नव्हती.

हे पाणी कसं येतं ते मला माझ्या वडिलांमुळे कळतं. आमची थोडी खार जमीन होती, तिच्यात राता, म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारं तांबडं भात व्हायचं. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात उघाडी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी त्या दारातून खाडीत जातं. भरती चढू लागली की दार बंद करायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. वडिलांच्या वेळी दाराला लाकडी फळ्या होत्या, फटींत पेंढा आणि चिखल दाबून भरायचा. उधाणाच्या रात्री जेवण झालं की ते कंदील उचलायचे. "आज उधान हाय, फली बगून येतो," एवढंच म्हणायचे. भरतीचं वेळापत्रक त्यांनी कधी छापील पाहिलं नाही. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं, हा आमच्याकडचा जुना हिशोब. पंचमी असेल तर पावणेचार.

मी शाळेत मुलांना हाच हिशोब पुढे नेऊन शिकवायचो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. त्यातला निम्मा-अर्धा वेळ दार बंद, उरलेला वेळ उघडं. आता समुद्र फक्त वीतभर चढला असं धरा. दार आधीपेक्षा लवकर बंद करावं लागतं आणि उशिरा उघडावं लागतं. पाऊस तेवढाच पडतो, किंबहुना हल्ली तीन दिवसांचा तीन तासांत पडतो, पण त्याला बाहेर पडायला मिळणारा वेळ दर भरतीला कमी होतो. ते पाणी आत थांबतं. आणि दार गंजलेलं असेल, नीट मिटत नसेल, तर खाडीच उलटी आत येते. समुद्र वाढणार म्हटलं की भिंतीवरून लाट उसळतेय असं चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो. आमच्या अंगणात तो गटारातून आला.

विमानतळाचा प्रश्न मला याच उघाडीपाशी दिसतो.

नवी मुंबई विमानतळाची जागा १,१६० हेक्टर. तिथे पूर्वी भातखाचरं होती, चिखलाच्या वाटा होत्या, खारफुटी होती. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे अशा दहा गावांनी आपली घरं सोडली तेव्हा ती जागा मोकळी झाली. ९० मीटरच्या आसपास उंचीची उलवे टेकडी फोडून सपाट केली, तिच्या दगडाने खालची जमीन भरून वर उचलली, उलवे नदीला नवी वाट काढून दिली. एवढ्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं ११६ कोटी लिटर. पूर्वी यातलं बरंचसं चिखल प्यायचा, खाचरं धरून ठेवायची. काँक्रीट आणि डांबर काहीच धरत नाही. ते सगळं नाल्यांतून खाडीकडे निघतं, आणि त्या वेळी खाडी भरलेली असेल तर?

विमानतळ उंचावर बांधला ते योग्यच केलं. माझी तक्रार त्या उंचीबद्दल नाही. एक जागा उंच झाली की तिच्या शेजारची जागा आपोआप खोलगट होते, आणि त्या शेजाराचा हिशोब कोणी केला आहे का, हे मला विचारायचं आहे. डुंगी, पारगाव इथल्या लोकांनी भरावाचं काम सुरू झाल्यापासून घरांत पाणी शिरत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं केल्या. पनवेल शहर तर गाढी नदीचं पाणी २००५ मध्ये घराघरांत पाहून बसलं आहे. गाढी, कासाडी, काळुंद्रे, उलवे ही सगळी पाणी याच खाडीला येतात. विमानतळाच्या कुंपणाच्या आतला निचरा वेगळा आणि बाहेरचा वेगळा, असं कागदावर करता येतं. खाडीला कुंपण कळत नाही.

हा विषय काही नवा नाही, आणि आपल्या मुंबईइतका जुना अनुभव तर देशात कोणाकडेच नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले आणि भारतीय हवाई वाहतुकीची सुरुवात झाली, हे आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. पुढची गोष्ट मात्र सांगत नाही. जुहूचं ते मैदान समुद्राला इतकं लागून आणि इतकं सखल होतं की पावसाळ्यात त्याचा चिखल व्हायचा. विमानं उतरवता यायची नाहीत. मग विमानं, सुटे भाग, माणसं असं सगळं बिऱ्हाड उचलून पावसाळ्यापुरतं पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका मैदानावर न्यायचे. पाऊस संपला की परत जुहू. देशातली पहिली विमानसेवा समुद्राचं आणि पावसाचं ऐकून आपला मुक्काम हलवत होती. आज ९ कोटी प्रवाशांचं उद्दिष्ट ठेवून बांधलेला विमानतळ पुण्याला हलवता येणार नाही.

त्यानंतर २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. मिठी नदी सांताक्रूझच्या धावपट्टीखालून जाते. विमानतळासाठी तिला काटकोनात वळवलेलं आहे, तिचं पात्र आवळलेलं आहे. खाली माहीमच्या खाडीत भरती, वर विहार-पवईचं ओसंडलेलं पाणी, आणि मध्ये वळणावर अडलेली नदी. धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या, विमानाला उतरताना दिशा दाखवणारी यंत्रणा बुडाली. विमानतळ ३० तासांहून जास्त बंद राहिला. ७०० हून अधिक उड्डाणं रद्द झाली किंवा लांबली. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने नंतर मिठीची सगळी कहाणी अहवालात मांडली, तो अहवाल शासनाकडे आहेच. मी त्या रात्री कुर्ल्याला अडकलो होतो. एका शाळेच्या वर्गात चाळीस-पन्नास माणसं होतो, फळ्यावर कोणीतरी घरचे फोन नंबर लिहून ठेवले होते. पहाटे पाणी उतरू लागलं ते पाऊस कमी झाला म्हणून, तसंच ओहोटी लागली म्हणूनही. त्या वर्गात हे बहुधा मला एकट्यालाच कळत होतं.

चेन्नईत २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदी विमानतळात शिरली आणि तो १ तारखेच्या रात्रीपासून ६ तारखेपर्यंत बंद राहिला. तिथली दुसरी धावपट्टी अड्यारवर पूल बांधून नदीपलीकडे नेलेली आहे. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळात तोच विमानतळ पुन्हा बंद. कोची विमानतळ २०१८ च्या महापुरात १५ ते २९ ऑगस्ट असा दोन आठवडे बंद होता. पण कोचीने त्यानंतर जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. 'ऑपरेशन प्रवाह' नावाने सुमारे १३० कोटींचं पूर-नियंत्रणाचं काम त्यांनी हाती घेतलं, आणि त्यात विमानतळाच्या भिंतीबाहेरचे, शेजारच्या पंचायतींमधले ओढे आणि कालवेही घेतले. शेजाऱ्याचा ओढा तुंबला की विमानतळ बुडतो, हे त्यांना कळलं होतं. आपल्याला ते महापुराआधीच कळायला काय हरकत आहे?

आता समुद्र किती वाढतोय, हे. मुंबईची समुद्रपातळी अपोलो बंदरला १८७८ पासून मोजली जाते. हिंदी महासागरात इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, आपल्याला तिचा अभिमान असायला हवा. बंगळूरच्या सीस्टेप या संस्थेने २०२४ मध्ये देशातल्या १५ किनारी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार १९८७ ते २०२१ या काळात मुंबईची पातळी ४.४४ सेंटिमीटरने वाढली, त्या शहरांत सगळ्यात जास्त. साडेचार सेंटिमीटर म्हणजे दोन-तीन बोटं. हे ऐकून पुष्कळ जण खांदे उडवतात. त्यांनी एकदा ओहोटीला खाडीच्या चिखलात उभं राहावं. तो इतका सपाट असतो की दोन बोटं पाणी चढलं तर ते समोर किती पावलं पुढे सरकतं, ते डोळ्यांनी दिसतं. आणि वाढीचा वेग स्थिर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे, जगभरात तापमानवाढ जोरात राहिली तर या शतकाच्या अखेरीला समुद्र १९९५ ते २०१४ च्या पातळीपेक्षा ०.६३ ते १.०१ मीटरने वर असेल. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने २०२१ मध्ये जगातले विमानतळ एकेक करून तपासले. आजच २६९ विमानतळांना समुद्राच्या पुराचा धोका आहे आणि तापमान २ अंशांनी वाढलं तर १०० विमानतळ सरासरी समुद्रपातळीच्या खाली जातील, असं त्यांना आढळलं.

धावपट्टीवर पाणी दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं. समुद्र वर आला की जमिनीखालचं पाणीही वर सरकतं. धावपट्टीच्या खालचा थर ओला राहू लागला की त्याची ताकद जाते, आणि त्यावर शेकडो टनांची विमानं आदळत असतात. दिव्यांच्या तारा, वीजघरं, धावपट्टीच्या टोकाची दिशादर्शक यंत्रं यांना गोडं पाणी एकवेळ सोडतं, खारं पाणी सोडत नाही. आमच्या घरातली लोखंडी खिडकी आठ वर्षांत हाताने मोडली.

महोदय, या सगळ्यातून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. आपला विमानतळ किती उंचीवर आहे ते जाहीर सांगा, आणि कुठल्या शून्यापासून मोजलं तेही सांगा.

हे मी शब्दच्छल म्हणून विचारत नाही. मुंबईच्या भरतीचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ४.५ मीटर, ४.८ मीटर. ते मोजलेले असतात सागरी नकाशांवरच्या नीचतम ओहोटीच्या पातळीपासून. सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. म्हणजे ४.५ मीटरची भरती ही सरासरी समुद्रपातळीच्या २ मीटर वर. जमिनीच्या नकाशांवर मात्र उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. दोन शून्यांत २.५ मीटरचा फरक, घराच्या दारापेक्षा उंच. कोणी म्हणालं की विमानतळ अमुक मीटर उंच आहे, तर मला आधी विचारावं लागतं, कुठून? सिंगापूरने चांगी विमानतळाचं पाचवं टर्मिनल बांधायला घेतलं तेव्हा ते सरासरी समुद्रपातळीच्या ५.५ मीटर वर असेल असं आधीच जाहीर केलं. आठवीतल्या मुलालाही ते वाक्य समजतं. तसं एक वाक्य आम्हाला मराठीत द्या. धावपट्टीची पातळी, वीजघरांची पातळी, खाडीत उघडणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाची पातळी, आणि शेजारच्या गावांतल्या रस्त्यांची पातळी, सगळं एकाच शून्यापासून. आराखडा करताना समुद्र कोणत्या वर्षापर्यंत किती वाढेल असं धरलं होतं, तो आकडाही. हे सगळं कुठल्या तरी फायलीत असेल अशी माझी खात्री आहे. इतकं मोठं काम करणाऱ्या अभियंत्यांनी ते मोजलं नसेल असं मी म्हणणार नाही. ते फायलीतून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यायला हवं.

नवी मुंबई वसवताना नियोजनकारांनी हा विचार केला होता, हे मी आवर्जून सांगतो. वाशी, बेलापूर या भागांत खाडीच्या कडेला धारण तलाव ठेवले, लोक त्यांना होल्डिंग पाँड म्हणतात. भरतीला झडपा बंद, शहराचं पाणी तलावात, ओहोटीला झडपा उघडून तलाव रिकामा. वडिलांच्या उघाडीचंच मोठं रूप, डच पद्धतीने बांधलेलं. पुढे ते तलाव गाळाने भरत गेले, आत खारफुटी वाढली. खारफुटी तोडायची नाही हे बरोबरच, पण त्यामुळे गाळ काढण्याच्या परवानग्यांमध्ये वर्षं गेली आणि तलावात पाणी मावेनासं झालं. बांधताना खर्च होतो, फोटो निघतात. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात गाळ काढायला, झडपेच्या बिजागरीला ग्रीस लावायला कोण जातं? विमानतळाभोवतीच्या निचऱ्याचं आणि खारबंधाऱ्यांचं पुढच्या ५० वर्षांचं दुरुस्तीचं काम कोणाकडे आहे, त्याला पैसा कुठून येणार, हे ठरलेलं असेल तर जाहीर करा, नसेल तर ठरवा. खारबंधाऱ्याला खांड पडली की पूर्वी गाव रातोरात जमायचं. आता जमायला गाव उरलं नाही आणि जमीनही आमची नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराजवळ, समुद्रात भराव घालून विमानतळ उभारण्याचा विचार शासनाने बोलून दाखवला आहे. निर्णय पक्का होण्याआधी कान्साईकडे पाहावं अशी हात जोडून विनंती.

जपानमध्ये ओसाकाच्या उपसागरात कृत्रिम बेट तयार करून बांधलेला हा विमानतळ ४ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाला. समुद्रतळाच्या मऊ मातीवर एवढं ओझं टाकलं की ती माती दबते, आतलं पाणी बाहेर पडतं, वरचं बेट खचतं. हे जपानी अभियंत्यांना ठाऊक होतं. त्यांनी टर्मिनलच्या सुमारे ९०० खांबांखाली जॅक बसवले, इमारत एकसारखी खचत नसेल तर खांब उचलून समतोल राखायचा म्हणून. तरीही काम सुरू झाल्यापासून ते पहिलं बेट १३ मीटरहून जास्त खाली गेलं आहे, आणि अजून थोडं थोडं जातंच आहे. समुद्र वर, बेट खाली. विमानतळ सुरू झाल्याला बरोबर २४ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, ४ सप्टेंबर २०१८ रोजी, जेबी वादळाने समुद्र भिंतीवरून आत आणला. धावपट्टी बुडाली. तळघरातली वीजयंत्रणा बुडाली. वाऱ्याने भरकटलेलं एक टँकर जहाज बेटाला जमिनीशी जोडणाऱ्या पुलावर आदळलं. हजारो प्रवासी आणि कर्मचारी ती रात्र अंधारात त्या बेटावर होते. जपानइतकं काटेकोर मोजमाप करणारा, वादळांची सवय असलेला देश, आणि त्याच्यावर ही वेळ आली. त्यांनी नंतर भिंती उंच केल्या, धावपट्टी उचलली, वीजयंत्रणा वर नेली. त्यांच्या नोंदी ते प्रसिद्ध करतात, बेट कुठे किती खचलं ते कोणीही वाचू शकतं.

आपल्या किनाऱ्याला वादळं येत नाहीत असं पूर्वी आम्ही म्हणायचो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं. पुढच्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि मुंबई विमानतळ दिवसभर बंद ठेवावा लागला. आता कोणी तसं म्हणत नाही.

आणि कोकणात विमानतळ कुठे बांधतात ते पाहा. चिपीचा विमानतळ सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. रत्नागिरीची धावपट्टी मिरजोळ्याच्या सड्यावर. गोव्यात दाबोळीची पठारावर, मोप्याचीही पठारावरच. जांभ्या दगडाचा सडा, उंच, पाणी वाहून जाणारा. सड्याचेही प्रश्न आहेत, तिथली झुडपं, रानफुलं, गुरांचं चरणं, हे मी विसरत नाही. पण समुद्राच्या पाण्याचा प्रश्न तिथे नाही. मुंबईच्या आसपास जागा मिळत नाही म्हणून आपण खाडीत उतरलो, आता समुद्रात उतरायच्या गोष्टी करतो आहोत. खाडीत उतरून काय झालं त्याची निदान दहा पावसाळ्यांची नोंद हातात येऊ दे. वाढवणच्या मच्छीमारांचे प्रश्न त्यांचे ते मांडत आहेतच, माझ्यापेक्षा अधिकाराने. मी फक्त पाण्याच्या हिशोबाबद्दल बोलतो आहे : समुद्रात जाण्याआधी स्वतंत्र तज्ज्ञांकडून भराव किती खचेल, समुद्र किती चढेल आणि त्या बेटाचा जमिनीशी संपर्क तुटला तर माणसं बाहेर कशी काढणार, हे तपासून घ्या, आणि निविदा निघण्याआधी तो अहवाल मराठीत लोकांपुढे ठेवा.

शेवटचं मागणं छोटं आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पनवेल खाडीत भरती मोजण्याचं एक कायमचं यंत्र बसवा आणि त्याचे आकडे रोज सगळ्यांना पाहता येतील असे ठेवा. अपोलो बंदरची नोंद इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. खाडी आत अरुंद होत जाते, नद्यांचं पाणी वरून येतं, भराव झाल्यावर तिचं पात्र बदललं आहे. शिवाय खाडीकाठच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर पातळीची एक खूण करून द्या. मुलं वाचतील, वहीत लिहितील. मी शिकवत असताना आमच्या शाळेने जेट्टीच्या खांबावर रंगाने पट्ट्या काढून तीन पावसाळे नोंद ठेवली होती. ती वही माझ्याकडे आहे, मी ती आनंदाने देईन. नोंद असेल तर पुढच्या वेळी कोणाच्या अंगणात खारं पाणी आलं तेव्हा त्याला अतिवृष्टीचा कागद हातात घ्यावा लागणार नाही.

आपण स्वतः यावं किंवा आपला एखादा जबाबदार अधिकारी पाठवावा, अशी विनंती आहे. नारळी पौर्णिमेचा दिवस बरा पडेल. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या सुमारापासून बारा-साडेबारापर्यंत खाडी भरलेली असेल, कोळीवाड्यातली माणसं नारळ घेऊन पाण्याशी उभी असतील. जेट्टीच्या खांबावरच्या आमच्या पट्ट्या अजून दिसतात. येताना विमानतळाच्या नाल्यांच्या पातळ्यांचा कागद घेऊन यावं. पाणी पूर्ण भरलं की खांबावरची पट्टी आणि कागदावरचा आकडा शेजारी धरून पाहू.

कळावे,
आपला,
पनवेल खाडीकाठचा एक निवृत्त शिक्षक